तात्यांची बोअर आणि खोडायची ओळ

गेल्या उन्हाळ्यात चार दिवस घरी गेले होते. घर पारनेर तालुक्यात, अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कमी पावसाच्या पट्ट्यात (तोंडात अजून 'नगर'च येतं, सांभाळून घ्या). पहिल्याच रात्री नऊच्या सुमारास आमच्या बांधापलीकडच्या वावरात बोअरची गाडी आली. तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांना सांगून कळणार नाही. रात्रभर कोणाला झोप नाही. सकाळी बांधावरच्या बोरीवर दगडाच्या भुकटीचा राखाडी थर.

तात्या, म्हणजे माझे चुलते, चहा घेता घेता म्हणाले, "आता त्यानं एवढं खाली नेल्यावर आपली विहीर किती दिवस टिकायची? आपणही एक मारून घेऊ." आणि मग माझ्याकडं वळून, "काय गं, तू तिकडं खेळाचं शास्त्र शिकतीस ना? त्यात सांगितलंय का काही, मारावी का न मारावी?"

सांगितलंय. आणि उत्तर काढायची रीत इतकी सोपी आहे की गेम थिअरीच्या पुस्तकात ती पहिल्या-दुसऱ्या प्रकरणातच येऊन जाते. पण त्या सकाळी मी जे उत्तर दिलं त्याने तात्यांचंही समाधान झालं नाही आणि माझंही. म्हणून हा लेख.

आधी रीत समजून घेऊ. कागद-पेन घेऊन बसलात तर बरं.

खेळ म्हणजे आमच्या भाषेत तीन गोष्टी: कोण खेळतंय, प्रत्येकाकडे कोणत्या चाली आहेत, आणि चालींच्या प्रत्येक जोडीला कोणाला काय मिळतं. इथे खेळाडू दोन, तात्या आणि शेजारी. चाली दोन. एक, आहे त्या विहिरीवर ज्वारी-हरभरा-कांदा करत राहायचं. दोन, बोअर मारायची आणि जास्त पाण्याचं पीक घ्यायचं. आता वर्षाकाठी हातात काय पडतं ते हजार रुपयांत मांडू. हे आकडे मी आणि तात्यांनी ओट्यावर बसून ठरवलेले, अंदाजाचे. कोणत्याही सर्वेक्षणातले नाहीत.

दोघंही विहिरीवर राहिले: दोघांना ६०-६०.
तात्यांनी बोअर मारली, शेजारी विहिरीवर: तात्यांना ८०, शेजाऱ्याला २०.
शेजाऱ्याने मारली, तात्या विहिरीवर: तात्यांना २०, शेजाऱ्याला ८०.
दोघांनीही मारली: दोघांना ३५-३५.

एकाच्या बोअरने दुसऱ्याचं नुकसान का होतं, हे आपल्याकडच्या जमिनीत आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा दगड. हा दख्खनचा बेसॉल्ट. पाणी मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि दगडाच्या भेगांत राहतं. विहीर पितं ते हेच वरचं पाणी, आणि दरवर्षीच्या पावसाने भरतं तेही हेच. खोल बोअर खालच्या भेगांना जाऊन भिडते, आणि त्या भेगा वरच्या थराला कुठे जोडल्या असतील तर शेजारच्या विहिरीचं पाणी खाली ओढलं जातं. पाण्याला सातबारा कळत नाही.

आता तात्यांच्या बाजूने विचार करा. शेजारी काय करणार ते त्यांच्या हातात नाही. म्हणून दोन्ही शक्यता वेगवेगळ्या तपासायच्या. शेजारी विहिरीवर राहिला तर? विहिरीवर ६०, बोअरला ८०. बोअर बरी. शेजाऱ्याने बोअर मारली तर? विहिरीवर २०, बोअरला ३५. पुन्हा बोअरच बरी. म्हणजे शेजारी काहीही करो, 'विहिरीवर राहणं' ही चाल 'बोअर मारणं' या चालीपेक्षा कायम कमी देते. अशा चालीला डॉमिनेटेड स्ट्रॅटेजी म्हणतात. मी मराठीत 'दबलेली चाल' म्हणते, कारण दुसरी एक चाल तिला सगळ्या बाजूंनी दाबून बसलेली असते.

आणि दबलेली चाल शहाणा खेळाडू खेळणार नाही. म्हणून तक्त्यातली ती ओळ सरळ खोडायची. शेजाऱ्याचं गणित हुबेहूब तसंच, म्हणून त्याचीही 'विहीर' खोडायची. उरतो एकच खण: दोघांची बोअर, ३५-३५. खेळ सुटला.

यात शेजारी काय करेल याचा अंदाज बांधावा लागला नाही, तो चांगला की वाईट हे ठरवावं लागलं नाही, शक्याशक्यतेचं गणित लागलं नाही. फक्त दोन-दोन आकड्यांची तुलना आणि खोडरबर. मला ही रीत आवडते ती यासाठी. गेम थिअरीतल्या बाकीच्या उत्तरांना काही ना काही गृहीत धरावं लागतं. दबलेली चाल खोडायला खेळाडूला स्वतःचा फायदा कळतो एवढं पुरतं.

पण उत्तर बघा. दोघांना ३५-३५. आणि वरच तक्त्यात ६०-६० लिहिलेलं होतं! दोघांनाही जास्त देणारा खण दोघांनीही शहाणपणाने वागून गमावला. १९५० साली अमेरिकेतल्या रँड संस्थेत मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी असाच एक खेळ मांडला होता. अल्बर्ट टकर यांनी त्याला दोन कैद्यांची गोष्ट चिकटवली आणि तो 'कैद्यांचा पेच' म्हणून जगभर गेला. कैदी बाजूला ठेवा. आपल्याकडे तो रात्री नऊ वाजता गाडीवर येतो.

तर तात्यांना मी सांगितलं, "शास्त्र म्हणतं, मारा." तात्या जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आणि फेल गेली तर?"

या एका प्रश्नाने माझा तक्ता मोडला, हे कबूल करते. मी ८० लिहिले ते पाणी लागलं असं धरून. पाणी न लागलेल्या बोअरची ओळ माझ्या तक्त्यात नव्हतीच, आणि आमच्या गावात अशा कोरड्या बोअरांच्या तोंडावर दगड ठेवलेले प्रत्येक शिवारात दिसतात.

मग पुन्हा बसलो. बोअर फेल गेली तर खर्च वाया, समजा ५०. विहीर तर आहेच. म्हणजे शेजारी विहिरीवर असेल तर ६० वजा ५०, उरले १०. शेजाऱ्याची बोअर असेल तर २० वजा ५०, म्हणजे उलट ३० अंगावर. आता पाणी लागायची शक्यता निम्मी धरा. शेजारी विहिरीवर असताना बोअरचा सरासरी हिशेब ८० आणि १० यांच्या मधला, म्हणजे ४५. विहिरीवर राहिलं तर ६०. शेजाऱ्याची बोअर असताना ३५ आणि उणे ३० यांच्या मधला, म्हणजे अडीच. विहिरीवर राहिलं तर २०.

बघितलंत? पारडं उलटं झालं. आता बोअर ही दबलेली चाल! दोन्ही ओळींत विहीरच भारी. मग शहाण्या माणसांनी बोअर मारायलाच नको होती. तरी गाडी येतेच. का येते?

मी शक्यता थोडी थोडी वाढवत हिशेब केला. पाणी लागायची शक्यता शंभरात साधारण ७७ च्या वर गेली की बोअर पुन्हा दोन्ही ओळींत भारी पडते. ७१ च्या खाली असली की दोन्ही ओळींत हलकी. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात कोणतीच चाल दबलेली नाही. म्हणजे सगळा खेळ या एका आकड्यावर लटकलेला, आणि तो आकडा येतो कुठून? जमिनीतून येत नाही. माणसाच्या विश्वासातून येतो. आणि विश्वास द्यायला आमच्याकडे पाणाड्या आहे. तो तळहातावर नारळ घेऊन वावरात फिरतो, नारळ उभा राहिला की पाय आपटून सांगतो, "इथंच. दोनशे फुटांवर दोन इंची पाणी." नारळाने पाणी कळतं याला शास्त्रीय आधार नाही. पण माझ्या तक्त्यापुरतं बोलायचं तर पाणाड्या काय करतो? निम्म्याची शक्यता शेतकऱ्याच्या मनात नव्वदवर नेतो. झालं, खोडायची ओळ बदलली. भूजलाच्या खेळात भूवैज्ञानिकाचं काम किती महत्त्वाचं आहे हे मला एखाद्या शोधनिबंधापेक्षा त्या नारळाने जास्त पटवलं. (शेजाऱ्याला पाणी लागलेलं डोळ्यांनी दिसणं हा तर त्याहून मोठा पाणाड्या.)

आता थोडं पुढं जाऊ. आत्तापर्यंत दोन्ही खेळाडू सारखे होते. गावात कोणी सारखं नसतं. समजा एक मोठा बागायतदार आहे आणि त्याच्या खालच्या अंगाला एक दोन एकरवाला. मोठ्याकडे दोन चाली: बोअर, किंवा बोअर नाही. लहानाकडे तीन: विहिरीवर कांदा, कर्ज काढून बोअर, किंवा कोरडवाहू पेरून सुप्याच्या एमआयडीसीत कामाला जाणं.

लहानाचा हिशेब असा. मोठ्याने बोअर मारली नाही तर: कांदा ५०, बोअर ४५, सुपा ३०. मोठ्याने मारली तर: कांदा १०, बोअर २०, सुपा ३०. सुप्याचे ३० दोन्हीकडे सारखे, कारण पगाराला पाण्याची पातळी लागत नाही.

शोधा बरं, लहानाची कोणती चाल दबलेली आहे? कोणतीच नाही. मोठा गप्प बसला तर कांदा सगळ्यांत बरा, मोठा खाली गेला तर सुपा बरा. मधली बोअर आता एका बाजूने कांद्याहून वाईट पण दुसऱ्या बाजूने कांद्याहून बरी. लहानाने एकट्याने कितीही विचार केला तरी त्याला काही खोडता येत नाही.

आता मोठ्याकडे बघा. बोअर नसताना त्याला लहानाच्या तीन चालींनुसार १००, ८०, १०५. बोअर असताना ११५, ९२, ११८. तिन्ही ठिकाणी बोअर भारी. मोठ्याची 'बोअर नाही' ही ओळ खोडली. ती खोडल्याबरोबर लहानाच्या तक्त्यात एकच बाजू उरते: कांदा १०, बोअर २०, सुपा ३०. आता त्याच्या दोन चाली एकदम दबल्या. मघाशी ज्या दबलेल्या नव्हत्या, त्या आता दबल्या, कारण समोरच्याची एक ओळ गेली. लहान माणूस सुप्याला जातो. मोठ्याला ११८, लहानाला ३०.

याला एकामागून एक खोडणं म्हणतात. प्रत्येक फेरीत उरलेल्या तक्त्यात नवीन दबलेली चाल शोधायची, खोडायची, पुन्हा बघायचं. कांद्याच्या पाकळ्या काढल्यासारखं. फक्त एक लक्षात घ्या: दुसऱ्या फेरीपासून गृहीतक वाढतं. पहिल्या फेरीत प्रत्येकाला स्वतःचा फायदा कळतो एवढं पुरलं. दुसऱ्या फेरीत लहानाला हेही माहीत असावं लागतं की मोठ्याला आपला फायदा कळतो. तिसरी फेरी असती तर मोठ्याला हे माहीत असावं लागलं असतं की लहानाला हे माहीत आहे. दहाव्या फेरीपर्यंत गेलात तर माणसं खरंच इतका विचार करतात का, असा रास्त संशय येतो, आणि प्रयोगांतही माणसं बहुधा दोन-तीन पायऱ्यांवर थांबतात असंच दिसतं. दोन पायऱ्या मात्र गावातलं शेंबडं पोरही चढतं. "पाटील खाली जाणार म्हणजे आपली विहीर गेली" हे वाक्य म्हणजे दुसरी फेरीच.

या तक्त्यात अजून एक अवघड गोष्ट आहे. पहिल्या खेळात ६०-६० हा खण दोघांनाही हवा होता. इथे मात्र 'बोअर नाही, कांदा' या खणात मोठ्याला १०० आणि लहानाला ५०. मोठा ११८ सोडून १०० वर कशाला येईल? म्हणजे हा कैद्यांचा पेच नाहीच. 'सगळ्यांच्याच भल्याचं आहे' असं सांगून इथे भागत नाही. पाण्याच्या प्रश्नावर बोलताना आपण बऱ्याचदा पहिला तक्ता डोळ्यांपुढं ठेवतो आणि प्रत्यक्षात गावात दुसरा चालू असतो.

मग यातून सुटका कशी? मी आधीच सांगते, खोडण्याच्या रीतीत सुटका नाही. ती रीत फक्त दिलेल्या तक्त्याचं उत्तर काढते. उत्तर नको असेल तर तक्ता बदलावा लागतो. आणि तो बदललेलं गाव आमच्या घरापासून फार लांब नाही.

हिवरे बाजार, नगर तालुका. १९७२ च्या दुष्काळाने मोडलेलं, माणसं कामासाठी बाहेर पडलेली, हे सगळं आपल्याकडच्या शंभर गावांसारखंच. १९८९ च्या सुमारास एम.कॉम. झालेले पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढची कथा तुम्ही ऐकली असेल: श्रमदान, डोंगरावर चर, बंधारे, आदर्श गाव योजना, २०२० चा पद्मश्री. ही कथा सांगताना बहुतेक जण पाणी अडवण्याबद्दल बोलतात. मला खेळाच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची वाटते ती दुसरी बाजू, पाणी उपसण्याची. कारण पाणी अडवलं, पातळी वर आली, की बोअर मारण्याचा मोह कमी होत नाही, वाढतो! पाणलोटाची कामं झाली आणि पाच-सात वर्षांत वाढलेलं पाणी नव्या बोअरांनी संपवलं, अशी गावं तुम्हीही पाहिली असतील.

हिवरे बाजारने ग्रामसभेत ठरवलं: शेतीसाठी बोअर नाही. बोअर फक्त पिण्याच्या पाण्यासाठी. ऊस, केळी नाही. आणि दरवर्षी गावात किती पाऊस पडला ते मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायचा. माणसांना, जनावरांना किती लागेल ते आधी बाजूला काढायचं, उरलेल्यात कोणती पिकं बसतात ते ठरवायचं. पाऊस कमी तर पिकंही त्या मापाने.

आता आपला पहिला तक्ता घ्या आणि बोअर मारणाऱ्याला काहीतरी किंमत मोजावी लागते असं धरा. दंड म्हणा, भावकीत मान खाली म्हणा, ग्रामसभेत उभं राहून उत्तर देणं म्हणा. ती किंमत किती असली म्हणजे पुरे? शेजारी विहिरीवर असताना बोअरचा जादा फायदा ८० वजा ६०, म्हणजे २०. शेजाऱ्याची बोअर असताना ३५ वजा २०, म्हणजे १५. तेव्हा किंमत २० च्या वर गेली की बोअर दोन्ही ओळींत हलकी पडते. बोअरच दबलेली चाल झाली, खोडा. उरलं ६०-६०. माणसं तीच, त्यांचा स्वार्थ तोच, खोडरबर तोच, ओळ दुसरी.

पण ही किंमत प्रत्येक वेळी वसूल झाली पाहिजे. दोनातली एकच बोअर सापडत असेल तर किंमत ४० च्या वर हवी. दहातली एक सापडत असेल तर २०० च्या वर, म्हणजे अख्ख्या उत्पन्नाच्या कितीतरी पट, आणि एवढा दंड कोणी कोणाला लावत नाही. इथे मला गावाचं बळ दिसतं. बोअरची गाडी लपवता येत नाही. तो आवाज दोन कोस जातो. गावातल्या गावात सापडण्याची शक्यता जवळजवळ पूर्ण, म्हणून थोडक्या किमतीतही काम होतं. मुंबईत केलेल्या कायद्याला मात्र तो आवाज ऐकू येत नाही. महाराष्ट्राचा २००९ चा भूजल कायदा ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला 'खोल विहीर' धरतो आणि तिच्यावर बंधनं घालतो. ६० मीटर म्हणजे साधारण दोनशे फूट. आमच्या भागात दोनशे फुटांवर गाडीवाला अजून गिअरही बदलत नाही.

आणि ऊसबंदी कशाला, बोअरबंदी पुरेशी नव्हती का? हिशेब करून बघा. जास्त पाण्याचं पीकच घेता येत नसेल तर जादा पाण्याचा उपयोग काय? बोअरचे ८० उतरून ६५ वर आले आणि ३५ चे २५ झाले असं धरा. आता जादा फायदा दोन्हीकडे पाचच. २० ऐवजी ५ ची किंमत पुरते. पीकबंदी ही बोअरबंदीला खालून दिलेला टेकू आहे. दोन नियम एकमेकांना स्वस्त करतात. ज्या जिल्ह्यात लोणीला प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, सहकारी साखरेत आशियातला पहिला म्हणून ज्याचा मान, त्याच जिल्ह्यात एका गावाने ठरवून ऊस बाहेर ठेवला, हे मला विरोधाभासाचं वाटत नाही. प्रवरेला धरणाचं पाणी होतं. हिवऱ्याला जे होतं ते पायाखाली होतं.

अशा सामाईक साधनांबद्दल १९६८ मध्ये गॅरेट हार्डिन यांनी लिहिलं होतं की ती संपणारच. उपाय म्हणजे एक तर सरकार नाहीतर खासगी मालकी. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी उलट बाजू दाखवली की जगभर कित्येक ठिकाणी लोकांनी स्वतःच नियम करून, स्वतःच राखण करून साधनं टिकवली आहेत. त्यांचं पुस्तक १९९० चं आणि अर्थशास्त्राचं नोबेल २००९ चं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मला जवळची वाटणारी गोष्ट वेगळी आहे. त्यांची पीएचडी १९६५ मध्ये भूजलावर झाली. लॉस एंजेलिसजवळच्या एका खोऱ्यात सगळे इतकं उपसत होते की समुद्राचं खारं पाणी आत यायला लागलं होतं, आणि उपसणाऱ्यांनीच एकत्र बसून, कोर्टाची मदत घेऊन, प्रत्येकाचा वाटा ठरवला होता. तिथेही बोअरच आणि शेजारीच. गाईडने "विषय फार स्थानिक आहे" म्हटलं की मी हे आठवते.

दुसऱ्या तक्त्याचं काय, जिथे मोठ्याला बंदी नकोच आहे? तिथे उत्तर इतकं साफ नाही. मोठ्याला ११८ मिळतात ते या वर्षीचे. खालच्या भेगा दरवर्षी भरत नाहीत. पाच वर्षांनी त्यालाही तीनशेवरून पाचशे फुटांवर जावं लागलं तर त्याचा आकडा १०० च्या खाली येईल. म्हणजे खेळ एका वर्षाचा न धरता दहा वर्षांचा धरला तर तो कदाचित पहिल्या तक्त्याकडे सरकतो. कदाचित. ज्याच्याकडे पुन्हा पुन्हा खोल जायला पैसा आहे त्याला तो सरकलेला दिसायला वेळ लागतो, आणि तोवर खालच्या अंगाची माणसं सुप्याच्या बसमध्ये असतात. माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण इथेच अडकलंय.

आता एक सावधगिरी. ही रीत शिकल्यावर सगळीकडे वापरायचा मोह होतो. कांद्यावर वापरून बघा. उन्हाळी कांदा एप्रिल-मेमध्ये निघाला. लगेच नेप्तीच्या बाजारात न्यायचा की चाळीत भरायचा? सगळ्यांनी आत्ता नेला तर आज भाव पडणार आणि पुढे चढणार, म्हणून भरणारा जिंकला. सगळ्यांनी भरला तर आज माल कमी, म्हणून नेणारा जिंकला. कोणतीच चाल दबलेली नाही. खोडायला काहीच नाही. इथे आपली रीत तक्त्याकडे बघत हात चोळत बसते, आणि दुसरी हत्यारं काढावी लागतात. कांद्याचं शास्त्र कोणाला जमत नाही याचं कारण थोडंफार हेच आहे.

दुसरी सावधगिरी 'जवळजवळ दबलेल्या' चालींची. मोटारीच्या ऑटो स्टार्टरचं उदाहरण घ्या. वीज आली की मोटार आपोआप सुरू. ऑटो बंद ठेवायचा की चालू? वावर आधीच ओलं असेल तर बिलात फरक नाही, पिकात फरक नाही: सारखंच. पाण्याची गरज असेल तर चालू असलेला बरा. म्हणजे 'बंद ठेवणं' कुठेच जास्त देत नाही, कुठे सारखं, कुठे कमी. ही कमकुवतपणे दबलेली चाल. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्यात वीज मोफत आहे, आणि त्याआधीही बऱ्याच ठिकाणी बिल अश्वशक्तीवर होतं, युनिटवर नव्हतं. जिथे उपशाला पैसा पडत नाही तिथे बंद ठेवण्याची ओळ अशी निम्मी मेलेली असते. पण अशा ओळी खोडताना जपून. पक्क्या दबलेल्या चाली तुम्ही कोणत्याही क्रमाने खोडा, शेवटी तेच उरतं. कमकुवत दबलेल्यांचं तसं नाही. आधी कोणती खोडली यावर शेवटी काय उरेल ते बदलू शकतं. परीक्षेत माझे चार मार्क यावर गेलेत.

तात्यांनी काय केलं विचाराल तर त्यांनी पाणाड्याला इसार दिला नाही. अजून तरी नाही. शेजाऱ्याची बोअर २८० फुटांवर चालू आहे आणि आमची विहीर दिवाळीनंतर किती दिवस चालते ते बघायचं ठरलंय. गावच्या ग्रामसभेत ताळेबंदाचा विषय मांडायचा असं तात्या म्हणतात. सोबत माझा तक्ता घेऊन जाणार आहेत, त्यात फेल गेलेल्या बोअरची ओळ मात्र स्वतःच्या हाताने लिहिलीय.

तुमच्यासाठी घरचा अभ्यास: पहिल्या तक्त्यातले ८० खोडून ५५ लिहा, बाकी सगळं तसंच ठेवा. आता काय खोडता येतं ते बघा. काही खोडता येत नसेल तर घाबरू नका, तुमचं चुकलेलं नाही. एकमेकांनी दिलेल्या शब्दाला त्या तक्त्यात अचानक किंमत का येते, ते पुढच्या लेखात बघू.